वरच्या डेब्रिजचं डिपॉझिट

मागच्या वर्षी किचनचं काम काढलं तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी कुठल्या टाइल्स, किती दिवस, असलं काही विचारलंच नाही, सरळ म्हणाले डिपॉझिटचा चेक घेऊन या, मग बोलू. वीस हजार रुपये. मला राग आलाच, म्हणजे आपण काय पळून जाणार आहोत का, पंधरा वर्षं राहतोय कोपरखैरण्यात याच बिल्डिंगमध्ये. काका शांतपणे म्हणाले, तुम्ही नाही हो पळणार, तुमचा कॉन्ट्रॅक्टर पळेल. आणि झालं तसंच. ओटा बसला, टाइल्स लागल्या, गड्याने शेवटचा हप्ता घेतला आणि गायब, जिन्याखाली जुन्या कडप्प्याचे तुकडे आणि रॅबिटच्या, म्हणजे तोडफोडीतून निघालेल्या डेब्रिजच्या, अकरा गोण्या तशाच पडून. फोन उचलेना. चार दिवस मी येता-जाता त्या गोण्या दिसल्याच नाहीत असं दाखवत होतो, पाचव्या दिवशी ते वीस हजार आठवले आणि मीच टेम्पोवाल्याला फोन लावला.

आता हे किचनपुराण कशाला, तर बंद पडलेले सॅटेलाइट खाली कसे आणायचे यावर जे काही वाचायला मिळतं त्यात जाळी टाकणं, हार्पून मारणं, रोबोटचा हात, लेसर, असलं सगळं असतं आणि ते वाचायला भारीच वाटतं, पण माझं म्हणणं आहे की हा प्रश्न हाताचा नाहीच, चेकचा आहे. सॅटेलाइट वर सोडायच्या आधी त्याच्या मालकाकडून डिपॉझिट घ्या, आणि उद्या कोणाला धरायची वेळ आली तर धरता येईल अशी एक कडी त्याला लावूनच पाठवा. वर गेल्यावर ना चेक घेता येतो ना कडी लावता येते.

एक गोष्ट आधी क्लिअर करायला हवी. रिटायर झालेला सॅटेलाइट वेगळा आणि मेलेला वेगळा. रिटायर म्हणजे काम संपलं पण कमांड अजून ऐकतो, मेलेला म्हणजे ऐकतच नाही. बातम्यांमध्ये दोन्ही एकच करून टाकतात. रिटायरवाल्याचं आपलं उत्तम उदाहरण म्हणजे मेघा-ट्रॉपिक्स, इस्रो आणि फ्रान्सच्या स्पेस एजन्सीने मिळून केलेला, साधारण १००० किलोचा, पावसाचा आणि हवामानाचा अभ्यास करायला १२ ऑक्टोबर २०११ ला सोडलेला. तीन वर्षं चालेल असा हिशोब होता, गडी २०२१ पर्यंत चालला. पण त्याची कक्षा होती ८६७ किलोमीटरवर, म्हणजे तसाच सोडून दिला असता तर शंभरहून जास्त वर्षं वर फिरत राहिला असता. त्याच्या टाकीत सुमारे १२५ किलो इंधन शिल्लक होतं. मग ऑगस्ट २०२२ पासून थोडं थोडं इंधन जाळत, वीसेक वेळा कक्षा खाली आणत आणत, ७ मार्च २०२३ ला त्याला पॅसिफिक महासागरावर, जिथे माणूस काणूस नाही अशा पट्ट्यात उतरवला. आणि गंमत म्हणजे त्याचं डिझाइन करताना हे असं उतरवायचं ठरलेलंच नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी कार्टोसॅट-२, २००७ चा, तोही १४ फेब्रुवारी २०२४ ला हिंदी महासागरावर संपला, इस्रोने २०२० पर्यंतच त्याची कक्षा ओढून खाली आणून ठेवली होती म्हणून, नाहीतर तीस वर्षं लागली असती.

टाकीत राखून ठेवलेलं ते इंधन म्हणजे पण एक डिपॉझिटच आहे. फक्त ते सॅटेलाइटच्याच पोटात आहे. आणि खरी अडचण इथेच आहे, कारण सॅटेलाइट मेला की त्याच्याबरोबर ते डिपॉझिटही गेलं. म्हणजे मी सेक्रेटरी काकांना चेक द्यायच्या ऐवजी कॉन्ट्रॅक्टरच्याच खिशात ठेवायला दिला असता, तसं.

युरोपचा एन्व्हिसॅट बघा. आठ टनांचा, २००२ मध्ये सोडलेला, पॅनेलसकट लांबी सव्वीस मीटर, म्हणजे आमच्या नवी मुंबईच्या एनएमएमटीच्या दोन बस एकापुढे एक लावल्या तरी हाच लांब. दहा वर्षं मस्त काम केलं, आणि ८ एप्रिल २०१२ ला एकदम गप्प. कमांड घेईना, उत्तर देईना. आज तो साधारण ७७० किलोमीटरवर फिरतोय आणि अजून दीडशे वर्षं तरी फिरेल असा अंदाज आहे. आपला जीसॅट-६ए तर २९ मार्च २०१८ ला वर गेला आणि दोन दिवसांत संपर्क तुटला. यात कोणाचा हलगर्जीपणा होता असं मला म्हणायचं नाही, मशीन आहे, बंद पडतं. पण बंद पडणार हे जर आधीपासून माहीत आहे तर त्याची सोय आधी का नाही.

बरं, मेलेला सॅटेलाइट पकडायला एवढं अवघड काय आहे? लोकांना वाटतं स्पीड. सेकंदाला साडेसात किलोमीटर, ऐकूनच घाम फुटतो. पण ठाणे-मुलुंडच्या मध्ये फास्ट आणि स्लो लोकल शेजारी शेजारी धावतात ना, एका क्षणी दोन्हींचा वेग जुळतो आणि समोरच्या डब्याच्या दारातला माणूस एकदम स्थिर दिसतो, त्याच्या कानातला इयरफोनसुद्धा दिसतो, तसंच आहे हे. त्याच कक्षेत त्याच वेगाने गेलं की समोरचा सॅटेलाइट जागेवर उभा आहे असं वाटतं. खरी भानगड अशी की समोरची लोकल गिरक्या घेत असते. मेलेला सॅटेलाइट स्वतःला सावरत नाही, तो कोलांट्या मारत असतो, दहा वर्षं ऊन-थंडी खाल्लेली वरची फॉइल सुटलेली असू शकते, पॅनेल कुठे वाकलंय माहीत नाही, आणि हात घालायला दांडाच नाही कुठे. आणि चुकून धक्का लागला तर एकाचे शंभर तुकडे.

जपानी लोकांनी यात सगळ्यात शहाणपणाची गोष्ट केली, आधी नुसतं बघायला गेले. अ‍ॅस्ट्रोस्केल कंपनीचं अ‍ॅड्रास-जे नावाचं यान फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलं, २००९ पासून वर पडलेला एक जपानी रॉकेटचा टप्पा, अकरा मीटर लांब आणि तीन टनांचा, त्याच्या पंधरा मीटरपर्यंत जाऊन त्याचे चारी बाजूंनी फोटो काढले. पकडायचं काम पुढच्या यानाचं. युरोपचं उदाहरण आणखी मजेशीर आहे. त्यांनी २०२० मध्ये क्लिअरस्पेस-१ या कचरा उचलायच्या मोहिमेसाठी ८ कोटी ६० लाख युरोचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, कशासाठी तर २०१३ मध्ये वर राहिलेला रॉकेटचा शंभर-सव्वाशे किलोचा एक भाग आणायला. तर २०२३ मध्ये कळलं की ज्याला आणायला जायचंय त्यालाच काहीतरी बारीकसारीक येऊन धडकलंय आणि त्याचे आणखी तुकडे झालेत. कचरा उचलायला निघेपर्यंत कचऱ्याला कचरा लागला! हसू येतं पण त्या आकड्याकडे परत एकदा बघा, ८ कोटी ६० लाख युरो, आणि सामान साधारण एका मोटरसायकलच्या वजनाचं. नवीन टेक्नॉलॉजी पहिल्यांदा करताना महाग पडणारच, पुढे स्वस्त होईल हे मान्य, पण हा खर्च ज्याने ते वर टाकलं त्याच्यावर आधीच बसवला असता तर त्याने धरायला कडी लावून काम निम्म्याने सोपं केलं असतं की नाही?

कडी लावणं काही फार मोठं नाही. सॅटेलाइटवरून इंटरनेट देणाऱ्या वनवेबने, ज्यात आपल्या भारती एअरटेलवाल्यांचे पैसे आहेत आणि ज्यांचे ७२ सॅटेलाइट इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने दोन खेपांत वर नेले, त्यांनी आपल्या सॅटेलाइटना धरता येईल अशी छोटी प्लेट लावली. ते फिरतात १२०० किलोमीटरवर, तिथे हवा नावालाच, तिथे मेलेला सॅटेलाइट आपल्या पणतवंडांच्या पणतवंडांनाही दिसेल. म्हणजे त्यांनी उपकार केले असं नाही, गरजच आहे ती. पण एका कंपनीने लावली म्हणजे लावता येते, एवढं तरी सिद्ध झालं.

इथे आमच्याकडचं एक सांगतो. नवी मुंबईत डेब्रिज हा शब्द लहान पोराला पण माहीत आहे. रात्री दोन-अडीचला डंपर येतो, खाडीकडच्या रस्त्याला लाइट बंद करून उभा राहतो, खारफुटीच्या कडेला पाच मिनिटांत माल खाली आणि पसार, नंबर प्लेटवर चिखल फासलेला. पथकं फिरतात, गाड्या पकडल्या जातात, दंड होतो, तरी परत ढीग. मला नेहमी वाटायचं की टाकणारा कोण हे कळत नाही म्हणून हे थांबत नाही. मग वर काय चाललंय ते वाचलं आणि ती समजूत गेली. वर दहा सेंटीमीटरपेक्षा मोठ्या बहुतेक तुकड्यांची यादी आहे, प्रत्येकाला नंबर आहे, बहुतेकांचा देश आणि कुठल्या रॉकेटमधून आला हेही लिहिलेलं आहे. चिखल फासलेली नंबर प्लेट फार थोड्यांची. आणि तरी कोणी उचलत नाही! म्हणजे नाव कळणं पुरेसं नाही, पैसे आधी अडकलेले असायला लागतात.

कायदा याबाबतीत विचित्र आहे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार वर पाठवलेली वस्तू ज्या देशाची त्याचीच राहते, कितीही वर्षं झाली, कितीही मोडकी झाली तरी. समुद्रात बुडालेलं जहाज वाचवलं तर वाचवणाऱ्याला मोबदला मागता येतो, वर तसं काही नाही. म्हणजे उद्या आपल्याकडे यान असलं, पैसे असले, हौस असली, तरी दुसऱ्याच्या मेलेल्या सॅटेलाइटला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि १९७२ चा दुसरा करार म्हणतो की नुकसान झालं तर सोडणारा देश जबाबदार, आणि सोडणारा म्हणजे नुसता मालक नाही, ज्याच्या जमिनीवरून उडालं तोसुद्धा. हे वाक्य आपण भारतीयांनी दोनदा वाचावं. १५ फेब्रुवारी २०१७ ला आपण एका पीएसएलव्हीमधून १०४ सॅटेलाइट सोडले, पेढे वाटले, मीही स्टेटस ठेवला होता, त्यातले १०१ परदेशी होते. त्यातला एखादा उद्या कोणाच्या घरावर पडला तर नोटीस फक्त त्या परदेशी कंपनीच्या देशाला येईल असं नाही, आपल्यालाही येऊ शकते. मग डिपॉझिट मागायचा हक्क आपल्याला आहेच ना. सोसायटी आमची, जिना आमचा.

या कराराखाली पैसे वसूल झालेत हेही खरं आहे. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस ९५४, पोटात अणुभट्टी असलेला, कॅनडात पडला, बर्फात किरणोत्सारी तुकडे शोधत फिरावं लागलं, कॅनडाने सहा मिलियन डॉलरचं बिल पाठवलं आणि शेवटी तीन मिलियनवर तडजोड झाली. अर्धे. आणि हे दोन देशांमधलं, काही वर्षं घासाघीस करून.

खाली पडण्याची भीती मात्र आपल्याला नवीन नाही. आई सांगते, १९७९ च्या जुलैमध्ये नासाची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा पडणार म्हणून ठाण्यात त्यांच्या चाळीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता, आजीने तर आता शेवटचं म्हणून पुरणपोळी केली होती. ती पडली ११ जुलैला, काही हिंदी महासागरात आणि काही ऑस्ट्रेलियात, तिथल्या एका छोट्या गावच्या पालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड लावला म्हणे थट्टेत. आणि अगदी अलीकडचं, २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, संध्याकाळी आम्ही श्रीखंड-पुरी हाणून आडवे झालो होतो आणि नागपूरच्या मावसभावाचा व्हिडिओ आला, आकाशात जळत जाणारी रेघ. ग्रुपवर उल्का, मिसाइल, सगळं बोलून झालं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात लोखंडी कड्यासारखी जवळपास तीन मीटर व्यासाची रिंग येऊन पडली, नंतर आजूबाजूला गोळेही सापडले. एका चिनी रॉकेटच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत असं अभ्यासकांचं म्हणणं. कोणाला लागलं नाही. पण सणाची संध्याकाळ, माणसं अंगणात, आणि तीन मीटरची रिंग, त्या गावच्या माणसाला जाऊन सांगा की धोका दहा हजारात एक पेक्षा कमी ठेवायचा असा बऱ्याच अंतराळ संस्थांचा नियम आहे.

तरी खरा धोका खाली कमी, वर जास्त आहे. १० फेब्रुवारी २००९ ला सायबेरियाच्या वर इरिडियम कंपनीचा चालू सॅटेलाइट आणि रशियाचा मेलेला कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले. त्या मेलेल्याला बरीच वर्षं कोणी विचारत नव्हतं, पण धडकायला जिवंत असावं लागत नाही. दोन हजारांहून जास्त मोजता येणारे तुकडे झाले. तुकडा तुकड्याला धडकून आणखी तुकडे होतील आणि एक दिवस काही कक्षा वापरण्यासारख्याच राहणार नाहीत, हे नासाच्या डोनाल्ड केसलरने १९७८ मध्येच लिहून ठेवलंय. आपलं चांद्रयान-३ सुद्धा वाटेत कोणी येऊ नये म्हणून चार सेकंद उशिरा सोडलं होतं.

आता यावर हमखास येणारा मुद्दा, की घाण केली रशिया, अमेरिका, चीनने आणि डिपॉझिट आपल्या पोरांच्या स्टार्टअपने भरायचं का. चीनने २००७ मध्ये स्वतःचाच सॅटेलाइट मिसाइलने फोडला आणि तीन हजारांवर तुकडे केले, रशियाने २०२१ मध्ये तेच केलं, त्यांना कोण विचारतं. बरोबर आहे, राग मलाही येतो. पण आपणही २०१९ मध्ये फोडलाच की, तीनशे किलोमीटरच्या आत फोडला म्हणून बहुतेक तुकडे लवकर पडले, हा फरक मोठा आहे, पण फोडला. आणि शेजारच्याने जिन्यात गोण्या टाकल्यात म्हणून मी पण टाकतो हे मी सेक्रेटरी काकांना सांगून बघितलंय. चाललं नाही.

स्टार्टअपचा मुद्दा मात्र खरा आहे, दोन खोल्यांत बसून सॅटेलाइट बनवणाऱ्यांकडे कोट्यवधी अडकवून ठेवायला नसतात. म्हणून सरसकट डिपॉझिट नको, उंचीप्रमाणे घ्या. चारशे किलोमीटरच्या खाली विरळ का होईना हवा आहे, ती वर्ष-दोन वर्षांत स्वतःच झाडू मारते, तिथे छोट्या सॅटेलाइटला डिपॉझिट शून्य ठेवा. सहाशेच्या आसपास दोन-तीन दशकं लागतात, तिथे थोडं घ्या. आठशेच्या वर जायचं तर भरपूर घ्या, आणि कडी सक्तीची. रोख नको तर बँक गॅरंटी चालेल, इन्शुरन्स चालेल. सॅटेलाइट नीट खाली आला की परत द्या. मग कंपनी स्वतःच विचार करेल की खरंच एवढ्या वर जायची गरज आहे का. परवानगी तशीही इन-स्पेस या सरकारी संस्थेकडूनच घ्यायची असते, त्याच फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचाय.

दंडाने हे होणार नाही, हे मला ठामपणे वाटतं. अमेरिकेत २०२३ मध्ये डिश या सॅटेलाइट टीव्ही कंपनीला पहिल्यांदा असा दंड झाला, खूप उंचावरचे सॅटेलाइट खाली न आणता आणखी वर सरकवतात, तसं त्यांच्या एकोस्टार-७ ने रिटायर होताना ३०० किलोमीटर वर सरकून बाजूला व्हायचं होतं, इंधन कमी पडलं आणि तो १२२ वरच थांबला. दंड किती, तर दीड लाख डॉलर. एवढ्यात आणायचं काय, आणणाऱ्याचं ऑफिसचं भाडंही निघणार नाही.

आणखी एक, खाली आणलं म्हणजे सगळं छान झालं असं पण नाही, जळतो म्हणजे नाहीसा होत नाही, अ‍ॅल्युमिनियम आणि इतर धातू वरच्या हवेत राहतात, २०२३ मध्ये अमेरिकन संशोधकांना तिथल्या सूक्ष्म कणांत ते सापडलेही. हजारो सॅटेलाइट दरवर्षी जाळायला लागलो तर तो वेगळा हिशोब करावा लागेल. पण ते कारण पुढे करून मेलेले वरच ठेवा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केलंय की २०३० पर्यंत भारताच्या सगळ्या मोहिमा, सरकारी आणि खाजगी, कचरामुक्त करायच्या. मनापासून टाळ्या. जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्सचे दोन सॅटेलाइट वर एकमेकांना जोडूनही दाखवले, म्हणजे जवळ जाऊन धरायची कला आपल्या हातात यायला लागली आहे. फक्त ते दोघं एकमेकांना धरायला तयार होऊन गेले होते, दोघांनाही कडी होती. मेलेल्याचं तसं नसतं. म्हणून संकल्प चांगला आहे, पण चेक कुठाय हा सेक्रेटरी काकांचा प्रश्न राहतोच.

आणि त्या क्लिअरस्पेसचं पुढे काय झालं ते राहिलं. जुना कचरा फुटल्यावर त्यांनी नवीन टार्गेट निवडलं, प्रोबा-१, युरोपचाच, शंभर किलोच्या आतला. तो वर गेला २२ ऑक्टोबर २००१ ला, श्रीहरिकोट्याहून, आपल्या पीएसएलव्ही-सी३ वर. बिचारा वीस वर्षांहून जास्त चालला. त्याला वर सोडणारा आपल्या रॉकेटचा शेवटचा टप्पा मात्र त्याच डिसेंबरमध्ये उरलेल्या इंधनासकट फुटला, साडेतीनशेच्या वर तुकडे झाले, त्यानंतर आपण काम झालं की टाक्या रिकाम्या करायला लागलो. त्यातले काही तुकडे वीस वर्षांनंतरही वर होते. प्रोबाला आणायला युरोपवाले स्वतःच्या खर्चाने येणार आहेत. या तुकड्यांसाठी कोणी निघालेलं नाही, आणि यादीत त्यांच्यापुढे नाव आपलं आहे.